धुरपा मेंढीची लोकर आणि तीन जंगलांचा एक कायदा

एका जंगलात, बाळांनो, तीन जंगलं होती. हसू नका, पुढे ऐका. मधे नुसता एक ओढा आणि एक टेकडी, पण कायदे तीन!

ओढ्याच्या अलीकडे नियम असा, की मोल मिळेपर्यंत माल विकणाऱ्याचाच. पलीकडे माल ज्याच्या हातात, त्याचा. आणि टेकडीवर? मालाचं रूप बदललं, की तो बदलणाऱ्याचा.

अलीकडे राहायची धुरपा मेंढी. कष्टाळू, पण भाबडी. थंडीच्या तोंडावर तिच्याकडे अस्वलदादा आले. अंगभर केस असून यांना लोकर कशाला, असं विचारू नका. ज्याच्याकडे असतं, त्यालाच आणखी हवं असतं.

"धुरपाबाई, सगळी लोकर द्या. पोतंभर हरभरे परवा आणून टाकतो."

धुरपानं अंगावरची सगळी उतरवून दिली. दादांनी ती ओढ्यापलीकडे नेली, टेकडीवर विणली आणि झकास घोंगडी पांघरून बसले. परवा काही उजाडला नाही.

थंडी कडाक्याची पडली. धुरपा कुडकुडत टेकडी चढली.

"दादा, हरभरे द्या, नाहीतर लोकर तरी द्या!"

"लोकर? अहो, ही घोंगडी आहे. इथला कायदा विचारा कुणालाही."

बिचारी रडत पंचांकडे गेली. सरपंच धनेश पक्षी. चोच हीऽ एवढी! त्याला खरंच दया आली.

"छे छे, तिन्ही जंगलांत एकच कायदा हवा!"

समिती बसली. उठली, जेवली, पुन्हा बसली. लोकर कशाला म्हणावं, यातच अकरा दिवस गेले. दाराशी धुरपा खोकत होती.

"थांबा हो बाई, तुमच्यासाठीच चाललंय," आतून धनेश ओरडायचा.

अखेर कायदा झाला, तोही एकमतानं! माल कुठंही न्या, त्याचं काहीही विणा. मोल मिळेपर्यंत तो विकणाऱ्याचाच.

धुरपा उड्या मारत टेकडीवर गेली. "दादा, घोंगडी माझी आहे!"

"तुमचीच! मी कुठं नाही म्हणतोय? आणि स्वतःच्या वस्तूचे हरभरे कुणी मागतं का, बाई?"

"मग घोंगडी द्या."

"ती परत कशी घ्यायची, यावर समितीचं जमलं नाही. ते ज्या त्या जंगलावर सोडलंय. आमच्याकडे पांघरलेलं ओढून घेत नाहीत." दादांनी घोंगडी गळ्यापर्यंत घेतली. "आणि हो, तुमची वस्तू महिनाभर सांभाळली. त्याचे दोन पोती हरभरे झाले. परवापर्यंत चालतील."

धुरपा खाली उतरली. धनेशानं दिलेली कायद्याची नक्कल तिनं पाठीवर पसरून पाहिली. पान अगदीच एवढंसं होतं.

तात्पर्य : कायदा नेहमी गरिबाच्याच बाजूला असतो. ऊब तेवढी दुसऱ्या बाजूला असते.