वजा कॅरियर

माणूस वस्तूंमध्ये भर घालत गेला आणि त्यालाच प्रगती म्हणू लागला, ही मानवजातीची फार जुनी चूक आहे. खरी प्रगती वजाबाकीने होते. हे ज्यांना पटलं, आणि पटलं तेव्हा ज्यांच्या हातात पानाही होता, अशा मोजक्या लोकांपैकी एक म्हणजे आपले लिफ्ट-तपासनीस.

तपासनिसांचं काम जबाबदारीचं. उंच इमारतींमध्ये जायचं, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहायचं, ब्रेक तपासायचा, तो बिघडला तर दुसरा आहे का ते बघायचं, आणि दुसराही बिघडला तर खाली काय आहे तेही बघून ठेवायचं. ‘एकाच ब्रेकवर विसंबणे हा निष्काळजीपणा असून एकही ब्रेक नसणे हा गुन्हा होय,’ हे वाक्य त्यांच्या प्रत्येक अहवालात असे. त्यांच्या सहीशिवाय त्या भागात कुणी वर जाऊ शकत नसे. (खाली यायला सही लागत नसे, पण ती घेतलेली बरी, असं त्यांचं मत होतं.)

त्यांच्याकडे एक काळी सायकल होती. सायकलीला जे जे असावं ते सगळं तिला होतं. दोन ब्रेक, घंटी, मडगार्ड, चेनवरचं झाकण, स्टँड आणि मागे कॅरियर. त्या कॅरियरवर रोज सकाळी त्यांची बायको बसे. ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि ते दुकान तपासनिसांच्या वाटेवरच आहे. घरी बोलायला सवड नसे, आणि समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की दोघांनाही उगाच अवघडल्यासारखं होई. त्यामुळे संसाराचं सगळं कामकाज या सायकलवर चाले. बायको तपासनिसांच्या पाठीला सांगायची, न्हाणीघरातला नळ पुन्हा गळतोय. मुलीला परगावचं कॉलेज आवडलेलं नाही, पण ती तुमच्या तोंडावर बोलणार नाही. परवा पाहुण्यांसमोर माझ्यावर हसलात, ते मला लागलं. तपासनीस पॅडल मारता मारता ‘हूं’ म्हणायचे. या ‘हूं’चे सहा प्रकार होते आणि बायकोला सहाही ओळखता येत. (समोरून ‘हूं’ म्हटलं की भांडण होतं, पाठमोरं म्हटलं की विचारविनिमय होतो. याचं कारण शास्त्राला अजून सापडलेलं नाही.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तपासनिसांना मंडळ भेटलं.

हे मंडळ फिक्सी चालवणाऱ्यांचं. फिक्सी म्हणजे अशी सायकल, जिचं मागचं दातेरी चक्र चाकाला कायमचं जखडलेलं असतं. साध्या सायकलवर पॅडल थांबवून उतारावर निवांत बसता येतं. फिक्सीवर चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. निवांतपणाची ही सोय काढून टाकली की सायकल साधी होते, आणि सायकल साधी झाली की माणूस शुद्ध होतो, इतका सरळ हिशोब आहे. तयार फिक्सी बाजारात मिळते. पण ती घेणाऱ्याकडे मंडळ, बाहेरून डबा मागवून ‘मीच केलंय’ म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघतं. फिक्सी स्वतः जुळवायची असते. मंडळाचे अध्यक्ष पेशाने दंतवैद्य असून त्यांची स्वतःची सायकल गेली कित्येक वर्षं जुळवून होत आली आहे. त्यामुळे तिच्यात आजवर एकही दोष आढळलेला नाही.

तपासनिसांनी काळी सायकल बैठकीच्या खोलीत उलटी केली आणि वजाबाकी सुरू केली. काढलेला प्रत्येक भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला जाई. घंटी फार नव्हती, पण सुरुवात म्हणून समाधानकारक. स्टँड भरपूर. मडगार्डची जोडी अपेक्षेपेक्षा हलकी निघाली, म्हणून काढताना थोडं वाईट वाटलं. मग ब्रेक.

“अहो, ब्रेक कुठे गेले?” बायकोने विचारलं. तिच्या हातात पिठाचा डबा होता आणि काट्यावर चेन होती.

“फिक्सीला ब्रेक पायात असतात.”

“तुमच्या पायात मोजे असतात. त्यातला एक फाटकाय.”

“तसं नाही गं. पाय आवळून धरले की मागचं चाक घसरतं आणि सायकल थांबते.”

“आणि नाही थांबली तर?”

“हूं,” तपासनीस म्हणाले. पण ते समोरून म्हणाले, त्यामुळे त्या दिवशी पीठ तोललं गेलं नाही.

कॅरियर सगळ्यात शेवटी निघालं. त्याचं वजन पाहून तपासनीस हरखले. त्यावर बसणाऱ्या व्यक्तीचं वजन (जाहीर करण्यास मनाई आहे) मिळवलं, तर एकाच स्क्रूच्या जोडीने निम्म्याहून अधिक भार उतरत होता. मंडळाच्या इतिहासात कुणालाही इतका मोठा आकडा साधलेला नव्हता. अध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली. बायकोला ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून बसने जायला सांगण्यात आलं. फ्रेमच्या मागच्या टोकाला कॅरियर अडकवायचे दोन छोटे कान असतात. आता त्यांचं काम काय, असा प्रश्न स्वतःलाच विचारून तपासनिसांनी ते कानशीने घासून साफ करून टाकले. वाचलेलं वजन नऊ ग्रॅम.

राहता राहिले दाते. पुढच्या चक्राला किती आणि मागच्याला किती, यावर मंडळात घरं फुटतात. तपासनिसांनी पुढे अठ्ठेचाळीस आणि मागे सोळा घेतले, कारण भागाकार नेमका तीन येतो आणि बाकी उरत नाही. पॅडलचा एक फेरा, चाकाचे तीन फेरे, अपूर्णांकाची कटकट नाही. (ज्या वाचकांनी इथे थांबून भागाकार करून पाहिला, त्यांना मंडळाचं सभासदत्व मिळू शकेल.) अध्यक्षांनी निवडीला मान्यता दिली. ‘सुबक,’ ते म्हणाले.

सायकल तयार झाली. ती खरोखर सुंदर होती. तिच्याकडे पाहिलं की काहीतरी राहून गेलंय असं वाटे, आणि मंडळाच्या मते हेच सौंदर्याचं लक्षण आहे.

पहिल्या दिवशी तपासनीस कार्यालयाच्या फाटकापाशी वेळेवर पोचले, पण थांबले नाहीत. थांबता येईना. फाटकात उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना, आपल्याला पुढेच काम आहे अशा थाटात हात करून ते निघून गेले आणि पुढच्या चौकाला वळसा घालून परत आले. तेव्हाही तेच. तिसऱ्या वळशाला सहकाऱ्यांनी हात करणं सोडून दिलं. लाल दिवा लागला की ते बाजूच्या गल्लीत शिरून हिरवा होईपर्यंत गोल गोल फिरत. त्या गल्लीतल्या लोकांना वाटलं, पालिकेने एकदाचा कुणीतरी पाहणीला पाठवला. दोन बायकांनी त्यांच्याकडे गटाराची तक्रारही नोंदवली.

हळूहळू जमू लागलं. पाय आवळायचे, मागचं चाक फरफटत न्यायचं, थांबायचं. रस्त्यावर काळा पट्टा उठे आणि तपासनिसांना स्वतःची सही केल्यासारखं वाटे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मंडळाला सांगितली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या अलीकडचा चढ आला, की त्यांच्या तोंडून आपोआप ‘हूं’ निघे. मागे कुणी नसे. चढ पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपा झाला होता आणि लवकर संपत होता. तरी तो नकोसा वाटू लागला होता. याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, ते त्यांना कळेना. घरी बायको कामापुरतं बोले. नळ गळायचा थांबला होता; तो कुणी आणि केव्हा दुरुस्त केला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि मग टायर फुटला. भर रस्त्यात, बंदुकीच्या बारासारखा. बाकी सगळा टायर नवाकोरा होता, फक्त एका जागी तळहाताएवढा भाग पार दोऱ्यापर्यंत झिजला होता. कारण सोपं होतं. भागाकार नेमका तीन आला, की प्रत्येक वेळी तोच पाय पुढे ठेवून थांबणाऱ्या माणसाच्या चाकाचा तोच ठिपका जमिनीला लागतो. बाकी उरली असती, तर झीज चाकभर वाटली गेली असती. अध्यक्षांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “सुबकपणाची किंमत असते.” त्यांचा टायर अजून कागदात गुंडाळलेला आहे.

तपासनिसांनी सायकल जवळच्या इमारतीच्या रखवालदाराकडे ठेवली, मागचं चाक खांद्याला अडकवलं आणि बस पकडली.

“तुम्ही त्या भिंगवाल्या ताईंचे मिस्टर ना?” कंडक्टरबाईंनी विचारलं. “चाक बघून ओळखलं.”

“हूं.”

“मग, काय ठरलं?”

“कशाचं?”

“अहो, नव्या शाखेचं! ताईंना मुख्य करतायत ना तिकडे. शनिवारी कळवायचंय. आम्ही सगळे म्हणालो, ‘हो’ म्हणून टाका. ते मागचे आजोबा तेवढे ‘नको’ म्हणाले.”

“मी सगळ्यालाच नको म्हणतो,” मागून आजोबा म्हणाले. “माझं धरू नका.”

“तुम्ही काय म्हणालात?” कंडक्टरबाईंनी तिकीट फाडत विचारलं. “ताई म्हणत होत्या, घरी विचारायचं अजून राहिलंय.”

तपासनिसांच्या सहा ‘हूं’पैकी एकही या प्रश्नाला बसेना. ते उतरायच्या आधीच्या थांब्यावर उतरले आणि चाक घेऊन चालत घरी गेले.

“मला का नाही सांगितलंस?” त्यांनी दारातच विचारलं.

“सांगायला मागे बसावं लागतं,” बायको म्हणाली. “मागे जागा कुठाय?”

“मी आत्ता कॅरियर लावतो.” ते कोपऱ्यातलं कॅरियर उचलायला वाकले, आणि घासून गुळगुळीत केलेले दोन कान त्यांना आठवले. “पट्टीने बांधतो. घट्ट.”

“पट्टीने बांधलेली लिफ्ट तुम्ही पास कराल?”

तपासनीस प्रामाणिक होते. “नाही,” ते म्हणाले. मग खांद्यावरचं चाक भिंतीला टेकवत म्हणाले, “तू मात्र ‘हो’ म्हण.”

तिने ‘हो’ कळवलं. नवी शाखा बसच्या वाटेवर नसल्यामुळे तिने एक सायकल घेतली. लाल, दोन ब्रेकची, घंटी-स्टँड-मडगार्डसकट, आणि मागे कॅरियर. वाट तपासनिसांच्या कार्यालयावरून जाते. पहिल्या सकाळी तिने सायकल दारात उभी केली आणि मागे न बघता म्हणाली, “बसा.”

तपासनीस अंगाने बेताचेच, त्यामुळे अडचण आली नाही. कॅरियरवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वजाबाकीचं शेवटचं टोक हेच असावं. ब्रेक नाही, पॅडल नाही, हँडल नाही, हातात काहीच नाही. फक्त समोर एक पाठ. चढ आला तेव्हा ते बोलू लागले. गोल गोल फिरण्याच्या गल्लीबद्दल, हात न करणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल, रिकाम्या ‘हूं’बद्दल, आणि मागे पाहुण्यांसमोर आपण हसलो ते चुकलंच, त्याबद्दलही. फाटक येईपर्यंत ते बोलतच होते.

“हूं,” बायको म्हणाली, आणि ब्रेक दाबून बरोबर फाटकापाशी थांबली. हा सातवा प्रकार होता.

फिक्सी आता बैठकीच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे. चालते का, असं पाहुणे विचारतात. चालते, पण थांबत नाही, असं त्यांना सांगण्यात येतं.

आता राहता राहिले तुम्ही. इतका वेळ तुम्ही तपासनिसांना हसत होतात. तेवढ्यात घरातलं कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगून गेलं, आणि मान वर न करता तुम्ही ‘हूं’ म्हणालात. काय सांगितलं ते आत्ताच जाऊन विचारा. नाहीतर बसमध्ये कळेल.