सासूबाईंची अधिमान्यता

लोक सत्ताधाऱ्यांचं का ऐकतात, हे या जगात ज्या चार-पाच माणसांना नेमकं कळलंय, त्यांतला मी एक! हसू नका. एडिंबराच्या एका विद्यापीठात बारा वर्षं मी याच एका प्रश्नाला गोचिडीसारखा चिकटून बसलोय. राष्ट्रवाद आणि सत्तेची अधिमान्यता हा माझा विषय. अधिमान्यता म्हणजे काय? तर कुणी हुकूम सोडला की आपण मुकाट मान डोलावतो, की 'हा कोण टिकोजीराव आम्हाला सांगणारा?' असं विचारतो, त्याचं शास्त्र! लंडनने स्कॉटलंडवर राज्य करावं हे आमच्या लोकांना का पटतं आणि का पटत नाही, यावर मी आजवर इतकं लिहिलंय, की ते वाचलेली सगळी माणसं एका मोटारीत आरामात बसतील.

तर आमचे विभागप्रमुख, प्राध्यापक डॅलग्लीश, जूनमध्ये मला म्हणाले, "इनिस, खोलीत बसून लिहिणं पुरे झालं. माणसांत जा, त्यांना विचार. सप्टेंबरपर्यंत काही नवीन आणलं नाहीस, तर तुझी नेमणूक वाढवून मिळणं अवघड आहे."

मी म्हटलं, "सर, पंधरा दिवसांत आणतो!"

आणि मी एक नामी युक्ती काढली. प्रश्नपत्रिकेत 'लंडन' शब्द दिसला की निम्मे लोक खवळतात, आमची स्कॉटिश संसद जिथे आहे ते 'एडिंबरा' दिसलं की उरलेले निम्मे. मग खरं उत्तर कसं मिळणार? म्हणून मी कुठलंच नाव घातलं नाही. सगळीकडे फक्त 'इथला कारभार पाहणारे' एवढंच लिहिलं. त्यांना तुम्ही निवडलंत का? ते सर्वांना सारखं वागवतात का? वेळ आली, तर वेगळं व्हायची तुमची तयारी आहे का? खाली 'मोकळेपणाने लिहा' म्हणून चार रिकाम्या ओळी. बायकोला, मॉर्व्हेनला, दाखवलं. ती म्हणाली, "फारच मोघम आहे रे." मी म्हटलं, "मोघमपणा हीच तर शास्त्राची कमाल!"

आता माणसं कुठून आणायची? तर आमच्याच गावातून. हॅडनशॉ म्हणजे इंग्लंडच्या हद्दीपासून सहा मैल. स्कॉटलंडने वेगळं व्हायचा विषय निघाला की इथले लोक 'आहे तेच बरं' म्हणून दार लावून घेतात. गावात एक बोलिंग क्लब आहे. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवत न्यायचे, मग चहा प्यायचा. सभासदांचं सरासरी वय एकाहत्तर. अध्यक्ष माझ्या सासूबाई, युफेमिया हॅल्डेन. गेली बावीस वर्षं!

शनिवारी मला पोचायला उशीर झाला. आत गेलो तर खोलीत स्मशानशांतता. कप बशीवर आपटले जात होते. मला वाटलं, हरले असतील शेजारच्या गावाशी. सासूबाई आत स्वयंपाकघरात होत्या. मी चाळीस कागद वाटले.

वॉटी जार्डिन हे निवृत्त पोस्टमन. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मास्तर, यात नाव नाही ना लिहायचं?"

"मुळीच नाही! सगळं गुप्त!"

"आणि हे 'इथला कारभार पाहणारे'... म्हणजे आम्हाला वाटतंय तेच ना?"

मी डोळा मारला. "तुम्हाला वाटतंय तेच! पण मी नाव घेणार नाही."

"मग पेन द्या इकडे!" वॉटी गरजले. आणि काय सांगू, दहावीच्या पेपरलाही कुणी इतकं मन लावून लिहीत नाही! खालच्या ओळी पुरेनात म्हणून दोघींनी पुरवणी मागितली!

घरी येऊन खुणा मोजल्या आणि खुर्चीतून पडायचा राहिलो. चाळीसपैकी छत्तीस जणांना सत्ताधारी मान्य नाहीत! एकोणतीस जण वेगळं व्हायला तयार! हॅडनशॉमध्ये! सगळ्या अभ्यासकांची बोलती बंद करणारा आकडा! मी रविवारीच डॅलग्लीशना फोन केला. ते म्हणाले, "बुधवारी सगळ्या विभागासमोर मांड!"

बुधवारी खोली खच्चून भरलेली. मी आकडे फेकले. माणसं आ वासून बसली. एवढ्यात डॅलग्लीश म्हणाले, "आकडे झाले. लोकांचे स्वतःचे शब्द ऐकव की."

ते शब्द मी अजून वाचलेच नव्हते. वेळ कुणाला होता! पिशवीतून गठ्ठा काढला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"'बावीस वर्षं झाली, बाई खुर्ची सोडत नाही.'"

"बाई कोण?" कुणीतरी विचारलं.

"सत्ता," मी म्हटलं. "लोक सत्तेला स्त्रीरूपात पाहतात." सगळ्यांनी लिहून घेतलं.

"'आम्हाला न विचारता शनिवारचा केक बंद केला आणि बिस्किटांवर आणलं.'"

"काटकसरीच्या धोरणाचं रूपक!" डॅलग्लीश हरखून म्हणाले.

"'चहाच्या बंबाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये घेऊन फिरते.'"

खोलीत चुळबुळ. मागून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, लंडनमध्ये चहाचा बंब कुणाकडे असतो?"

हे लंडनबद्दल नाहीच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तोंड चालूच होतं, थांबता येईना! "'आणि आता तर तिचा तो जावई असले कागद वाटत फिरतोय. त्याला तरी कामधंदा आहे का?'"

त्यानंतर कुणीच काही लिहून घेतलं नाही.

डॅलग्लीश फक्त म्हणाले, "इनिस, सप्टेंबर लांब नाही."

गाडी हाकत घरी आलो तर दारातच मॉर्व्हेन. "काय करून ठेवलंस तू? क्लब फुटला!"

"म्हणजे?"

"तुझ्या कागदावर छापलंय ना, 'वेगळं व्हायची तयारी आहे का?' लोकांना वाटलं, तशी सोय आहे! वॉटीने हिरवळीच्या मधोमध दोर बांधलाय. दक्षिणेकडचा अर्धा भाग स्वतंत्र!"

धावत गेलो. खरंच दोर! दक्षिणेला एकोणतीस म्हातारेकोतारे विजयी मुद्रेने उभे. वॉटींनी मला मिठीच मारली. "या मास्तर! तुम्ही डोळे उघडलेत आमचे! आता आम्हाला घटना लिहून द्या. शुक्रवारपर्यंत. फार मोठी नको, पण केकचं कलम पक्कं हवं!"

"अहो वॉटी, मी अभ्यास करतो हो! बंड करवत नाही!"

"मग बारा वर्षं काय केलंत?"



उत्तरेकडून सासूबाई शांतपणे बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "या जावईबापू. मी राणी आहे म्हणे. कळलं मला."

घरात पुढचे तीन दिवस फक्त भांडी बोलत होती. सकाळी लापशीचं भांडं माझ्यासमोर असं आदळलं जाई, की चमचा उडून जमिनीवर पडे. विद्यापीठातून पत्र आलं, तेही थंडगार. डोकं धरून बसलो होतो.

पण स्वातंत्र्याचं गाडं तिकडे चिखलात रुतत होतं. गवत कापायचं यंत्र उत्तरेला. बंब उत्तरेला. आणि मुख्य म्हणजे संडास उत्तरेला! एकाहत्तर वर्षांची माणसं, दिवसभर उभी, किती वेळ दम धरणार? सासूबाईंनी मोठ्या मनाने वाट मोकळी ठेवली. फक्त दाराशी वही ठेवली. नाव, जायची वेळ, यायची वेळ. वॉटींच्या नावाने एक अख्खं पान भरलं. दक्षिणेच्या कार्यकारिणीची पहिली बैठक झाली, त्यात अध्यक्ष कोण यावरच भांडण. गळकं छप्पर कोण बघणार म्हटल्यावर तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

चौथ्या दिवशी दोर सुटला. सासूबाई म्हणाल्या, "ठीक आहे. मी अध्यक्ष राहावं की नाही, यावर निवडणूक घेऊ. गुप्त मतदान. जावईबापू मोजतील, त्यांना मोजता येतं असं ऐकलंय."

बेचाळीस मतं: चाळीस सभासदांची, एक सासूबाईंचं आणि एक माझं. मी चिठ्ठ्या उघडत गेलो. बाजूने, बाजूने, बाजूने... एक्केचाळीस बाजूने! एक विरोधात! टाळ्या पडल्या. केक परत आला. आणि उरलेल्या एक्केचाळीस माणसांनी त्या एका मतासाठी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझ्याच चहाची लाज वाटली.

देवाशपथ सांगतो, मी घाबरून सासूबाईंनाच मत दिलं होतं! पण कोण विश्वास ठेवणार? वॉटीसुद्धा म्हणाले, "मास्तर, एवढा सूड बरा नव्हे." मॉर्व्हेन गाडीत म्हणाली, "निदान माझ्या आईला तरी मत द्यायचंस." पुढचे पंधरा दिवस बेकरीत मला शिळा पाव मिळत होता!

शेवटी न राहवून एका रविवारी मी सासूबाईंच्या घरी गेलो. त्या गुलाबांची छाटणी करत होत्या.

"आई, ते विरोधातलं मत माझं नव्हतं. खरंच."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माझं होतं."

"तुमचं? स्वतःच्या विरोधात?"

"मग! बेचाळीसपैकी बेचाळीस मिळाली असती तर कुणी खरी मानली असती का निवडणूक? लोक म्हणाले असते, म्हातारीने दमदाटी केली. एक तरी विरोधात लागतं, तरच बाकीची मोलाची ठरतात." कात्री खटकन मिटली. "आणि ते तुझ्या नावावर खपेल, याची मला खात्री होती."

 बारा वर्षं! तीनशे संदर्भ! आणि एवढं साधं वाक्य माझ्या एकाही लेखात नाही!

आता आहे. डॅलग्लीशना लेख फार आवडला. नेमणूकही आणखी दोन वर्षांसाठी वाढवून मिळाली. फक्त लेखकांच्या जागी दोन नावं आहेत, आणि पहिलं माझं नाही. माझं पहिलं असावं असं मी सुचवून पाहिलं होतं, पण त्यावर सासूबाईंनी मतदान घ्यायचं ठरवलं.