शून्य रुदन क्षेत्र

बाळाची खोली कुठे असावी हा प्रश्न आमच्या घरात रीतसर मार्गाने सोडवण्यात आला, हे मी सुरुवातीलाच अभिमानाने नमूद करतो. मी एका मोठ्या कार्यालयाच्या जागावाटप विभागात वरिष्ठ लिपिक आहे. कोणाचं टेबल खिडकीशी आणि कोणाचं संडासाशी, हे ठरवण्यात माझी एकोणीस वर्षं गेली आहेत.

बायकोला आठवा महिना लागला होता. तिचं म्हणणं एवढंच, की आमच्या झोपायच्या खोलीला लागून जी छोटी खोली आहे ती बाळाला द्यावी, म्हणजे ते रडलं की तिला लगेच उठता येईल. पण कोणाच्या नुसत्या म्हणण्यावर जागा मिळू लागली तर आम्हा लिपिकांनी काय करायचं? मी घरातल्या सगळ्यांकडून लेखी हरकती मागवल्या.

हरकती भराभर आल्या. छोट्या खोलीच्या भिंतीपलीकडे धाकट्या भावाचं टेबल होतं आणि तो घरून काम करताना दिवसाला सात मीटिंगा घ्यायचा. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज चार तास टीव्हीवरची भांडणं शांतपणे ऐकत, त्यात त्यांना व्यत्यय नको होता. आईने लिहिलं होतं, की नातवंडाचं रडणं तिला सहन होत नाही, काळीज तुटतं, तेव्हा ते तिच्या कानावर पडू नये.

सर्व हरकतींचा साकल्याने विचार करता एकच निकष उरला. जिथे रडलेलं सगळ्यात कमी ऐकू येईल, ती बाळाची जागा.

"अहो, पण ऐकू यावं म्हणूनच तर खोली जवळ हवी ना?" बायको म्हणाली. मी ते 'भिन्न मत' म्हणून फाइलला लावलं.

चाचणीसाठी रडणारा हवा होता. धाकट्याने रडून पाहिलं, पण त्यात काही जीव नव्हता. मग ते काम माझ्या गळ्यात पडलं. तीनदा हुकलेली बढती आठवली की मला छान रडू येतं. मी एकेका ठिकाणी दहा मिनिटं रडायचो आणि तिन्ही हरकतदार आपापल्या जागी बसून ऐकू येईल तसे शंभरपैकी गुण द्यायचे. छोट्या खोलीला शंभर पडले, म्हणजे ती बाद. स्वयंपाकघराला ऐंशी. माळ्यावर जुन्या गाद्यांत बसून रडलो तेव्हा चाळीस आले आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. बाळाला पाजायला मी वर कशी चढू, असं बायकोने विचारल्यावर शिडीसाठी उपसमिती नेमली. कपड्यांच्या कपाटात, दार लावून, वीस.

"वीस म्हटले तरी त्रास तो त्रासच," बाबा म्हणाले. "घराबाहेर बघ काही जमतंय का."

मी जिन्यात जाऊन रडू लागलो. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे काका एकटेच राहतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. दार उघडं टाकून ते काम करत होते. पायरीवर मी डोळे पुसताना दिसलो, तसे ते उठले, हाताला धरून मला आत नेलं आणि पाणी दिलं. त्यांच्या आतल्या खोलीत मी पोटभर रडलो. खाली आलो तर तिन्ही कागदांवर शून्य.

काकांना चिठ्ठी लिहून विचारलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याच दुपारी आतली खोली रिकामी करून दिली. ना अर्ज, ना हरकत. या बेशिस्तीबद्दल मी अहवालात शेरा मारला.

अहवाल एकमताने मंजूर झाला, कारण बायको तेव्हा प्रसूतिगृहात होती. मुलगी झाली. पाचव्या दिवशी दोघींना परस्पर वर हलवलं. घर कसं गप्पगार झालं. आई आल्यागेल्याला सांगायची, आमची नात मुळी रडतच नाही, फार गुणाची आहे.

तीन महिन्यांनी मी पाहणीसाठी वर गेलो. बायको गाढ झोपली होती. काका एका हाताने घड्याळाचे काटे बसवत होते, दुसरा हात पाळण्याच्या कडेवर होता. पाळणा जरासा हलला. मुलीने तोंड वाकडं केलं आणि आवाज फुटायच्या आत काकांनी तिला उचलून खांद्याशी धरलं. मला फार लाज वाटली. ते अहवालात घेतलेलं नाही.

बायको जागी झाली. परत कधी येणार, असं मी हळूच विचारलं.

"इथे ऐकू येतं," ती म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

आमच्या अहवालाला मात्र इमारतीत चांगली मागणी आहे. आजवर अकरा घरांनी प्रती नेल्या. त्यांतल्या नऊ घरांत बाळ नाही. कोणाकडे म्हातारी सासू आहे, कोणाकडे नापास झालेली मुलगी, कोणाकडे नुसतीच बायको. तुम्हालाही एक प्रत द्यावी असं मनात होतं. पण चौकशी केली तेव्हा कळलं, की तुमच्या घरी कोणीच रडत नाही. म्हणजे तुमच्याकडे रडणाऱ्याची जागा आधीच ठरलेली दिसते.