दुपारचा विद्यार्थी

मामांच्या हातून उत्तराविना राहिलेले पत्र आयुष्यात एकच. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेला हा माणूस एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या दोन ओळींच्या खुशालीलाही दोन पानी उत्तर पाठवायचा, आणि पाठवण्याआधी तीनदा वाचायचा. पण फ्लाइंग स्कूलच्या मुख्य प्रशिक्षकांचे ते पत्र गेले एकोणीस दिवस शब्दकोशाच्या पोटात पडून होते. मामा रोज सकाळी शब्दकोश उघडत, पत्र वाचत आणि कोणी आले की घाईघाईने शब्दकोश मिटत. घरात सगळ्यांना वाटे, म्हातारपणी यांचा व्यासंग वाढला.

पत्र भाचीबद्दल होते. तिला घरात टिटवी म्हणत, कारण लहानपणी तिची टिवटिव थांबत नसे. आईवडील दुसऱ्या गावी आणि ही विमानाची शाळा या गावात, म्हणून ती मामा-मामींकडे राहत होती, आणि शाळेच्या अर्जावर पालक म्हणून मामांची सही होती. महिन्याअखेरीस तिच्या वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षा होत्या. तयारीसाठी शाळेने एक ऑनलाइन प्रश्नपेढी घेतली होती. हजारो प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उत्तराला साठ सेकंद. या पेढीत शंभरात पंच्याऐंशी गुण टिकवले तरच मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, परीक्षेसाठी शिफारस करणार. नाहीतर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

कॅप्टनांनी लिहिले होते : ‘आपल्या पाल्याचे गुण तीन आठवड्यांत एक्क्याण्णववरून बासष्टवर आले आहेत. ती बहुतेक वेळा अचूक पर्याय निवडते आणि शेवटच्या पाच सेकंदांत तो बदलून चुकीचा करते. वैमानिकाच्या बाबतीत ही सवय अज्ञानापेक्षा घातक असते. शिवाय हा सराव दुपारी एक ते तीन या वेळेत झाल्याचे दिसते. आमच्या नोंदवहीनुसार त्या वेळी ती साडेतीन हजार फुटांवर विमान चालवत होती. कृपया लेखी खुलासा करावा.’

खुलासा अगदी सोपा होता. दुपारी एक ते तीन प्रश्न सोडवत होते ते मामा.

सुरुवात सद्हेतूने झाली होती. टिटवी रोज संगणक उघडा टाकूनच बसकडे धावायची. पोरीला जेवताना चार प्रश्न विचारायचे तर आधी आपल्याला कळले पाहिजेत, असे मामांच्या मनात आले आणि ते खुर्चीवर बसले. पहिलाच प्रश्न होता : विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास वैमानिकाने सर्वप्रथम काय करावे? मामांनी ‘स्वतःचा ऑक्सिजन मुखवटा लावावा’ हा पर्याय निवडला. चाळीस सेकंद ठीक गेले. मग त्यांना वाटले, मागे एवढी माणसे बसलेली असताना आधी स्वतःचे नाक झाकायचे? बरे दिसत नाही ते. त्यांनी घाईने ‘प्रवाशांना सूचना द्यावी’ केले. पडदा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले, तिसऱ्या दिवशी जेवण लवकर उरकून बसले. चुका होत होत्या, पण त्याचे त्यांना विशेष वाटत नव्हते. पुस्तक वाचताना माणूस मनातल्या मनात कितीही चुकला तरी पुस्तक काही कोणाला सांगायला जात नाही. हे पुस्तक मात्र चुगलखोर निघाले.

पत्र आल्यावर त्यांनी पडद्याच्या तळाशी नाक लावून पाहिले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते : ‘एक खाते, एक विद्यार्थी. अन्य व्यक्तीने वापरल्यास खाते बंद.’ छत्तीस वर्षे मुंगीएवढीच अक्षरे वाचून पोट भरलेल्या माणसाच्या नजरेतून नेमकी तीच ओळ सुटली होती.

खरे लिहावे तर टिटवीचे खाते बंद. न लिहावे तर ती हवेत विमान सोडून मोबाइलवर प्रश्न सोडवते, असा अर्थ निघणार. इकडे आड, तिकडे विहीर. मामांनी सहा मसुदे केले आणि सहाही फाडले. मग त्यांनी ठरवले की आधी गुण वर न्यावेत. गुण वाढले की पत्र आपोआप शिळे होईल.

ते दुपारी पुन्हा बसले, आणि गुण बासष्टवरून एकोणपन्नासवर आणले.

“अहो, रोज जेवून त्या खुर्चीत काय करता तुम्ही?” मामींनी दारातून विचारले. त्यांच्या हातात दोरा ओवलेली सुई होती.

मामांना खोटे बोलता येत नसे. फक्त गप्प बसता येत असे. पण त्या दिवशी तेही जमले नाही. त्यांनी सगळे सांगितले. मामींनी सुई उशीत खोचली.

“म्हणजे पोरीच्या विमानाला तुम्ही घरबसल्या भोक पाडलंत.”

“भोक असं नाही गं. गुण थोडे…”

“वाचा पुढचा प्रश्न.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“तुम्हाला कळून काय उजेड पडलाय? वाचा.”

मामांनी वाचले. “दोन विमानं समोरासमोर आली तर कोणी काय करावं?”

“दोघांनी आपापल्या उजवीकडे व्हायचं. जिन्यात काय करतो आपण?”

“पण समोरच्याला ते माहीत नसेल तर? ‘समोरचा काय करतो ते पाहावे’ असाही एक पर्याय आहे.”

“तो तुमच्यासारख्यांसाठी ठेवलाय. उजवीकडे दाबा.”

पडदा हिरवा झाला.

“उड्डाण केल्याबरोबर एकमेव इंजिन बंद पडलं. उंची फार कमी आहे.”

“समोर मोकळं दिसेल तिथे टेकायचं.”

“मागे वळून धावपट्टीवर परत का नाही?”

“काय विसरलंय तिथे? दाबा.”

पुन्हा हिरवा. मुखवट्याचा प्रश्न परत आला तेव्हा तर मामी पर्याय वाचू द्यायलाही तयार नव्हत्या. “स्वतःचा आधी. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर सूचना कोण देणार? भीड म्हणजे भिकेची बहीण, ती काय विमानात चढल्यावर बदलते?”

ढगांच्या प्रकारांत आणि होकायंत्राच्या गणितांत मामी गडबडत. तिथे मामा पर्याय निवडत आणि ते शेवटच्या पाच सेकंदांत काही करणार तोच मामी त्यांचे मनगट धरत. सहा दुपारी हा उद्योग चालला. गुण अठ्ठ्याऐंशी झाले. मामांना वाटले, सुटलो.

सातव्या दिवशी दुसरे पत्र आले. ‘आपल्या पाल्याच्या गुणांत अचानक सुधारणा झाली आहे. ही सुधारणाही ती आकाशात असतानाच झाली आहे. मागील पत्राचा खुलासा अद्याप प्राप्त नाही.’

मामांनी दुसरे पत्र पहिल्याच्या शेजारी ठेवले. शब्दकोश आता नीट मिटेना.

तिकडे टिटवीचे वेगळेच चालले होते. सकाळी ती प्रश्न सोडवून जाई आणि संध्याकाळी पाही, तर आकडा भलतीकडेच. आधी तो खाली खाली गेला, मग एकदम वर आला. तिने कोणाला काही विचारले नाही. ती स्वतःवरच संशय घेऊ लागली. टिवटिव कमी झाली. एका संध्याकाळी ती ताटावर बसली आणि चमच्याकडे बघत म्हणाली,

“मामा, मला वाटतं मी यंदा परीक्षा देऊ नये.”

मामांचा घास तिथेच थांबला. “का गं?”

“मला काय येतं आणि काय येत नाही तेच कळेनासं झालंय. मुखवट्याचा प्रश्न मी झोपेतही सोडवीन, आणि तो अकरा वेळा चुकलाय माझ्या खात्यात. आज उतरताना वाऱ्याचा अंदाज बरोबर होता, तरी मी तीनदा विचारलं. कॅप्टन नुसते बघत राहिले माझ्याकडे. सहा महिने थांबते. उगाच कोणाचा जीव जायला नको.”

मामींनी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दिला. मामांनी तोंड उघडले.

“पाणी देऊ का तुला?” ते म्हणाले.

मामींनी कपाळाला हात लावला. “मी सांगते,” असे त्या म्हणणार, तेवढ्यात मामांनी हात वर करून त्यांना थांबवले. उद्या सकाळी मीच सांगतो, असा त्या हाताचा अर्थ होता. तो हात मामींच्या ओळखीचा होता. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली होती आणि त्यातल्या कितीतरी ‘उद्या सकाळी’ अजून उगवायच्या होत्या.

पण त्यांच्या आधी टिटवीनेच उलगडा केला. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. परीक्षेला न बसण्याचा अर्ज लिहिण्याआधी एकदा शेवटचे पाहावे म्हणून तिने प्रश्नपेढीतला जुना हिशेब उघडला. कोणत्या प्रश्नाला कधी कोणता पर्याय निवडला, केव्हा बदलला, सगळे सेकंदासकट तिथे होते. पाऊण तासाने ती स्वयंपाकघरात आली. मामा चहा गाळत होते.

“मामा, हे बघ. आधी बरोबर, मग खोडलंय. इथेही बरोबर, मग खोडलंय. सत्तेचाळीस प्रश्न असेच. आपल्या घरात बरोबर लिहून खोडणारी माणसं किती आहेत रे?”

मामांनी गाळणे कपाऐवजी बशीत ठेवले.

“आणि हे नंतरचे. दहा सेकंदांत उत्तर. चारही पर्याय वाचायलाच पंधरा लागतात. ही मामी आहे.”

“मी कशाला नाही म्हणू?” मामी म्हणाल्या. “माझे बरोबर आहेत.”

मग पत्रांचेही निघाले. टिटवीने दोन्ही पत्रे उभ्यानेच वाचली. ती रागावेल, रडेल, असे मामांना वाटले होते. ती नुसती स्टुलावर बसली.

“महिनाभर मी स्वतःला वेडी समजत होते. आणि पत्र शब्दकोशात.”

“चुकलं माझं,” मामा म्हणाले.

“ते पहिल्या दिवशी म्हणायचं होतंस.”

तिने तिथूनच कॅप्टनांना फोन लावला. मामा बाहेरच्या खोलीत जाऊन उभे राहिले, कारण आत उभे राहवत नव्हते. आणि दाराशी कान लावून राहिले, कारण बाहेरही राहवत नव्हते. टिटवी सगळे सांगत होती, मामा-मामींसकट. मग बराच वेळ कॅप्टन बोलत होते. मग ती “हो सर, आत्ता येते” म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

ती परतली तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते.

“समोर बसवून नव्वद प्रश्न विचारले,” ती म्हणाली. “त्र्याऐंशी बरोबर. एकही उत्तर बदललं नाही. कॅप्टन म्हणाले, खातं नवीन देऊ, शिफारसही तयार आहे.”

मामांचा जीव भांड्यात पडला. “मग झालं तर.”

“कुठे झालं? शिफारस फायलीत अडकलीय. शाळेतून पालकांना पत्र गेलं की त्याचं उत्तर फायलीला लागतंच. त्याशिवाय कारकून शिक्का मारत नाही. कॅप्टन म्हणाले, पहिल्या पत्राला ‘होय, मी होतो’ एवढं जरी उत्तर आलं असतं तरी प्रकरण अठरा दिवसांपूर्वी मिटलं असतं. अर्ज उद्या सकाळी जाणार. म्हणजे उत्तर आज पाच वाजेपर्यंत शाळेच्या फाटकावरच्या पेटीत पाहिजे.”

म्हणजे ना गुण आडवे आले होते, ना नियम. आडवे आले होते ते मामांचे मसुदे.

मामा टेबलाशी बसले. ‘आपले दिनांक अमुकचे पत्र पावले’ एवढे लिहून त्यांनी ‘पावले’वर रेघ मारली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मामींनी तो कागद काढून घेतला, कोरा पुढे ठेवला आणि घड्याळ उचलून त्याच्या शेजारी.

“साठ सेकंद. जे झालं ते लिहायचं. पेन मागे न्यायचा नाही.”

“मायना तरी…”

“पन्नास.”

मामांनी लिहिले : ‘दुपारचा विद्यार्थी मी होतो. चुका माझ्या आहेत, घाईची अचूक उत्तरे माझ्या पत्नीची आहेत. आपली विद्यार्थिनी या दोन्हींत नाही. ती त्या वेळी खरोखरच वर होती.’ आणि सही केली.

“मी नेऊन टाकू का?” टिटवीने विचारले.

“नको,” मामी म्हणाल्या. “जाऊ देत त्यांनाच.”

शाळेच्या फाटकावरची पेटी लोखंडी होती आणि तिची फट बोटभर रुंद. पाचाला बारा मिनिटे असताना मामांनी पाकीट आत सोडले. ते तळाशी पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी त्यांना वाटले, ‘घाईची’ हा शब्द मामींना लागेल. त्यांची दोन बोटे फटीत शिरली. दुसऱ्या पेरापुढे ती जाईनात.

रखवालदार खोलीतून बाहेर आला. “काय काका, काही राहिलं का?”

मामांनी बोटे बाहेर काढली.

“नाही,” ते म्हणाले, आणि उत्तर बदलायच्या आत झपाट्याने घराकडे चालू लागले.