थारोळ्यावरची जलपरी

"ही देवी न्हाई! किती येळा सांगू रं तुमाला? पुन्हा हिची कुणी वटी भरली तर हात मोडून हातात दीन!"

मोटरचं पाणी पडतं त्या विहिरीच्या थारोळ्यावर उभा राहून नाना ओरडत होता. एका हातात हिरवा खण, दुसऱ्या हातात नारळ, पायाशी तांदळाचा सडा. ऐकायला आम्ही तिघंच हजर होतो, मी आणि दोन म्हशी. पण नानाचा आवाज बोटीच्या इंजिनखान्यात तयार झालेला. रस्त्यानं कराडला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी बंद केली, बिडी पेटवली आणि भाषण संपेपर्यंत हलला नाही. नानाच्या पाठीमागं कमरेपर्यंत बाई आणि कमरेखाली मासा अशी पाच फुटी सिमेंटची जलपरी उसाकडं बघत बसली होती.

समुद्र आणि आमचं गाव यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. तो ओलांडून ही बाई आमच्या शिवारात कशी आली, हे सांगायचं तर नानापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या कृष्णाकाठाला घरटी एक माणूस फौजेत. नानाही भरतीलाच गेला होता. छाती अर्ध्या बोटानं कमी भरली. त्या अर्ध्या बोटाच्या लाजेनं तो गावाकडं न फिरता थेट मुंबईला गेला आणि मालाच्या बोटीवर चढला. बावीस वर्षं चढलेलाच राहिला. वर्षाकाठी एक महिना गावी यायचा आणि गल्लीतली कुत्री ओळखायला लागायच्या आत परत जायचा. एकुलत्या लेकीच्या लग्नाला मांडवाच्या दिवशी पोचला, तर मेढ्याहून आलेल्या वऱ्हाडानं त्यालाच पाहुणा समजून पहिल्या पंगतीला बसवलं आणि आग्रह करकरून जिलेबी वाढली. नानानंही खाल्ली. सांगणार कुणाला?

काम इंजिनखान्यात तेल घालायचं. म्हणजे सगळी नोकरी पाण्याच्या पातळीखाली, लोखंडी पोटात. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. माझा समुद्र नकाशातला, पण अक्कल ठिकाणावर आहे. मी एकदा विचारलं, "नाना, तुम्ही बोटीच्या पोटात. तुम्हाला जलपऱ्या दिसल्या कुठून?"

"मास्तर," नाना म्हणाला, "वर हुबा ऱ्हातो त्याला ती निम्मीच दिसती. आमी खालच्या अंगाला हुतो."

मी भूगोलाचं पुस्तक मिटलं.

नोकरी संपवून नाना कायमचा घरी आला, पण जमीन त्याला काही लागेना. चार-चार तासांच्या पाळ्यांची सवय. चार तास झोपला की उठायचा आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. महिन्याभरात गच्चीला पाऊलवाट पडली. बाज आज परड्यात, उद्या ओसरीवर, परवा ट्रॉलीत. एकदा तर भरल्या ट्रॉलीतच झोपला आणि साखर कारखान्याच्या काट्यावर जागा झाला. जेवताना ताट एका हातानं घट्ट धरायचा, घसरेल म्हणून. हौसाक्का, म्हणजे त्याची बायको, समोर बसून ते बघायची. बोलायची काही नाही. बावीस वर्षं दर साली अकरा महिने गप्प राहायची सवय लागली की बारावा महिनाही त्यातच जातो.

मग एक दिवस नानानं जाहीर केलं, विहिरीवर जलपरी बसवायची.

"कशाला?" मी विचारलं.

"गावात एक तरी वळखीचं माणूस पायजे," तो म्हणाला आणि दुसऱ्या विषयावर गेला.

काम दिलं बापू गवंड्याला. बापूनं जन्मभर मारुती घडवलेले. त्यामुळं जलपरीचे दंड असे उतरले, की तिनं मनात आणलं असतं तर सदाशिवगड उचलून नदीपलीकडं ठेवला असता. शेपूट घडवताना बापूच्या डोळ्यांपुढं कृष्णेतला मरळ होता आणि नानाच्या डोळ्यांपुढं समुद्रातला बांगडा. त्या भांडणात चार दिवस गेले.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. नानाला रोज वेगळी जलपरी आठवायची. सोमवारी म्हणाला, वरच्या थंड दर्यातली ही. कंगवा-आरसा घेऊन खडकावर बसती, आणि जिला दिसली ती बोट बुडालीच म्हणून समजा. बापूनं तिच्या भुवया चढवल्या आणि हातात कंगवा दिला. मंगळवारी नाना म्हणाला, तसं न्हाई, आफ्रिकेच्या किनाऱ्याला हिची पूजा करत्यात, ती धन देती, गळ्यात नाग घालती. बापूनं भुवया उतरवल्या आणि नाग घातला. बुधवारी जपानची आठवण निघाली. तिकडं म्हणं हिचं मटण खाल्लं की माणूस शेकडो वर्सं मरत न्हाई. बापू माळकरी. त्यानं थापी धुतली आणि दोन दिवस आलाच नाही.

"बंदरागणिक बाई बदलती, मास्तर," हे नानाचं पालुपद. ते तो पारावर, एसटीत, न्हाव्याकडं, कुठंही मोठ्यानं म्हणायचा. जलपरीचा संदर्भ ठाऊक नसलेल्या बायका मग हौसाक्काकडं कळवळून बघायच्या.

कडेलोट झाला सयामच्या, म्हणजे थायलंडच्या जलपरीनं. नाना बापूला सांगून बसला, की तिकडच्या रामायणात सेतू मोडायला एक सोन्याची जलपरी आली, मारुतीनं तिला अडवलं आणि दोघांचं मन एकमेकांवर बसलं. तिची चित्रं म्हणं तिकडं दुकानादुकानात टांगत्यात, धंदा चांगला हुतो. बापूच्या हातातलं घमेलं सुटलं. तासाभरात तालमीतले झाडून सगळे पैलवान लंगोटावर टॉवेल गुंडाळून नानाच्या दारात. पुढं वस्ताद. तालमीतला मारुती म्हणजे ब्रह्मचर्याचा शेवटचा शब्द, त्याच्यावर हा आळ.

नाना घाबरला नाही. म्हणाला, "वस्ताद, त्यो तिकडचा मारुती."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "बंदरागणिक बाई बदलती ते आमी ऐकून घेतलं. मारुती न्हाई बदलायचा."

शेवटी नानानं तालमीला दोन ट्रॉल्या भरून तांबडी माती द्यायची कबूल केली, तेव्हा वाट मोकळी झाली.

अशा सगळ्या बंदरांची मिळून एक जलपरी तयार झाली. भुवया ना चढलेल्या ना उतरलेल्या, हातात कंगवा, गळ्यात नाग, दंड मारुतीचे आणि शेपूट मरळाचं. नानानं ती थारोळ्यावर बसवली आणि आठ दिवसांत गावानं तिला आपल्यात घेतलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी एकदा निरखून बघितलं आणि निकाल दिला, ही तर आसरा. आमच्याकडं पाण्यात साती आसरा राहतात. माणसाला धरतात, ओढतात. एकदा का त्यांचं मन एखाद्यावर गेलं, की खण-नारळ देऊन, हिरव्या बांगड्या भरून, सोडवून मागावं लागतं. झालं. हळद-कुंकू, लिंबू, दहीभात. नाना रोज सकाळी तारेच्या घासणीनं कुंकू खरवडायचा आणि येईल त्याला जगातल्या जलपऱ्या समजावून सांगायचा. त्या व्याख्यानाच्या भीतीनं बायका नदीवरच्या जुन्या आसरांकडं परत गेल्या, आणि थारोळं मोकळं झालं.

मग कंपनीचं पत्र आलं. जुनी, अनुभवी माणसं पाहिजेत, दोन वर्षांचा करार, महिनाअखेर उत्तर कळवा. पत्र इंग्रजीत, म्हणून माझ्याकडं आलं. नाना संध्याकाळी यायचा आणि म्हणायचा, लिवा, येतो. मी लिहायचो. सकाळी येऊन तोच कागद फाडायचा. पुन्हा संध्याकाळी, लिवा. माझं अर्धं लेटरपॅड त्यात संपलं. हौसाक्काला त्यानं पत्राचं सांगितलं नव्हतं. पण आमच्या पोस्टमनच्या पोटात तार काय, साधी मनीऑर्डरही राहत नाही, तिथं बोटीचं पत्र कुठून राहणार?

आणि त्याच आठवड्यापासून थारोळ्यावर पुन्हा ओटी दिसायला लागली. दर मंगळवारी. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. सगळं रीतसर. दुपारी वीज आली की नाना मोटर चालू करायला जायचा आणि सुरुवातीला सांगितलं तसं एसटी थांबवून ठेवायचा. चौथ्या मंगळवारी त्यानं ठरवलं, चोर पकडायचा. साक्षीदार म्हणून मला नेलं. महिना संपायला तीन दिवस उरले होते.

भर दुपारी बाराला आमच्याकडं विहिरीवर कुणी जात नाही. ती आसरांची फिरायची वेळ. आम्ही दोघं मोटरच्या खोलीत दबा धरून बसलो. पत्र्याचं छप्पर, वर गांधीलमाश्यांचं पोळं, आत असा उकाडा की मीटरसुद्धा घामेजला होता. मी बसलो, नाना बसेना. दाराच्या फटीशी जायचा, मागं यायचा, फ्यूज काढून बघायचा, बसवायचा. माझा रुमाल मागून घेतला आणि अर्ध्या तासात त्याला बोटीवरच्या सात प्रकारच्या गाठी मारल्या. तो रुमाल अजून सुटलेला नाही.

"परवा मुंबईला जायचं म्हणतो," तो कुजबुजला. "कागद लिवून काय हुतंय, समक्षच भेटतो."

तेवढ्यात बांधावरून पावलं वाजली.

डोक्यावर पदर, हातात ताट, हौसाक्का आली. नाना दाराला हात लावून होता, तो तसाच राहिला.

तिचा हात सराईत होता. मांडी नसलेल्या बाईची ओटी भरायची म्हणजे सोपं काम नव्हे. नारळ शेपटीवरून घरंगळला, तो तिनं न बघता पायानं अडवला. बांगड्या त्या मारुतीच्या मनगटात जाणार नव्हत्या, त्या कंगव्याला अडकवल्या. खण नागावरून पांघरला. मग पदर सावरून तिच्यासमोर उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बाई, लय वर्सं ठेवून घेतलास. मी कदी काय बोलले? लेकीच्या येळंला न्हाई बोलले, सासूला खांदा द्याला भावकी लागली तवा न्हाई बोलले. आता धाडलायस तर सगळा धाड. निम्माच आलाय. भाकरी खातो घरात आन् ध्यान तुझ्याकडं. झोप न्हाई त्याला. आता पुन्हा बोलावलंयस म्हणं. नगं नेऊस. माझ्याच्यानं आता हुत न्हाई."

नाक पुसलं, ताट उचललं. मी भिंतीकडं तोंड करून फ्यूज वाचत होतो. नानानं दार उघडलं. मला वाटलं, आता एसटी थांबते. पण आवाज निघाला तो असा, की तो नानाचा आहे हे मला बघून खात्री करावी लागली.

"हौसा, ती सिमिटाची हाय."

"ठावं हाय," हौसाक्का म्हणाली. "सिमिटाची पोती मीच मोजून घेतली."

"मग तिला कशापायी सांगतीस?"

"तुमी उठता-बसता तिचंच सांगता. म्हणलं, तिचं तरी ऐकाल."

आणि ती घराकडं गेली. भाजी करायची राहिली होती.

नाना थारोळ्याच्या कडेला बसला. वीज आली, मोटर लावायची आठवण मी करून दिली, त्यानं हातानंच मला खूण केली. मोटर मी लावली. त्यानं खण काढला नाही, बांगड्या काढल्या नाहीत. पाणी पाटाला लागलं, उसाच्या चार सऱ्या भिजल्या, नाना बसलेलाच.

संध्याकाळी मी लेटरपॅड घेऊन त्याच्या ओसरीवर गेलो. आत चूल पेटली होती. मी वाटेत दोन-तीन झकास कारणं जुळवून ठेवली होती, कंबरदुखी, शेतीचा दावा, डॉक्टरचा सल्ला. भारदस्त इंग्रजीत ती सगळी शोभली असती. म्हणालो, "नाना, नाही कळवायचं असेल तर कारण काय घालू?"

नानानं आतल्या उजेडाकडं एकदा बघितलं.

"बायकू नगं म्हणती, एवढंच लिवा."