पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट

अळ्यांच्या काचपेटीपुढे ही भली मोठी रांग आणि मैनेच्या पिंजऱ्यापुढे चिटपाखरू नाही, हे बघून मामांच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच! प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीविभागात त्यांची उभी हयात गेली होती. आणि आता लोक त्यांच्या पिंजऱ्यावरून मानही न वळवता पुढे जायचे आणि तिकडे काचेला नाक लावून "किती गोड!" म्हणायचे. कोणाला? तर बोटभरसुद्धा नसलेल्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, पतंगाच्या अळीला!

मामांची मैना काही ऐरीगैरी नव्हती. ती बोलायची. बोलायची एकच वाक्य, पण काय तो ठसका! मामा सकाळी खाण्याचा डबा घेऊन आले की मान तिरकी करून ती म्हणायची, "उशीर केलात!" मामा वेळेआधी आले तरी तेच. मामांचं लग्न झालेलं नव्हतं. उशीर झाला म्हणून डोळे वटारणारं त्यांना जगात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हे ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही.

पण मैना आता म्हातारी झाली होती. पिंजरा सावलीत होता, थंडीत बिचारी पिसं फुगवून कुडकुडत बसायची. फाटकाजवळची उन्हाची खोली नुकतीच रिकामी झाली होती आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, "रविवारी ज्याच्यापुढे गर्दी जास्त, त्याला ती खोली. नंतर माझ्याकडे रडगाणं आणायचं नाही."

मामा तडक कीटकविभागाच्या बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अळ्यांना ऊन कशाला हवंय हो?"

बाई चिमट्याने पेटीतला पाला बदलत होत्या. "लवकर वाढतात मामा उन्हात. आणि त्यांचं खाणं तिथेच कुंडीत लावता येईल."

"कसलं डोंबलाचं खाणं! रस्त्याकडेचं तण तर खातात. पिवळ्या फुलांचं."

"तेच. दुसरं काही ठेवलं तर उपाशी मरतील, पण तोंड लावणार नाहीत. त्या तणात विष असतं मामा. यांना ते बाधत नाही, अंगात साठून राहतं. म्हणून तर हे पट्टे. पाखरांना लांबूनच सांगायचं, की बाबा रे, माझ्या वाटेला जाऊ नकोस."

मामा बाहेर पडले ते फणफणतच. दारावर लाल अक्षरांत पाटी होती, 'विषारी'. त्यांनी मनाशी म्हटलं, पाला खाणारी अळी, तिला कसलं आलंय विष? गर्दी खेचायचे धंदे आहेत झालं!

मत्सराने माणसाचं डोकं चालतं खूप, फक्त भलतीकडे. पट्ट्यांनीच गर्दी जमत असेल तर पट्टे आपल्याकडेही हवेत, म्हणून मामांनी बाजारातून पिवळ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांचं जाकीट आणलं. शिवाय असंही ठरवलं, की सगळ्यांदेखत मैनेला अळी खायला घालायची आणि बाईंचं बिंग फोडायचं.

रविवारी बाई पाला आणायला गेलेल्या बघून त्यांनी पेटीतली एक अळी पळवली. अंगात जाकीट चढवलं आणि ओरडायला सुरुवात केली, "या, या! विषारी अळी मटकावणारी मैना बघा!" पाच-पंचवीस माणसं वळली. साहेबही आले. मामांनी ऐटीत तळहात पुढे केला. मैनेने चटकन अळी उचलली.

आणि थुंकली. चोच दांडीला घासली, पुन्हा घासली, सकाळचं खाणं ओकली आणि डोळे मिटून बसली. अळी मात्र काही झालंच नाही अशी पिंजऱ्याबाहेर चालू लागली.

खोली गेली खड्ड्यात! "बाई! अहो बाई, धावा! मी मारलं हो तिला!"

बाई धावत आल्या. त्यांनी मैनेला पाणी पाजलं, चोच पुसली. "मरत नाही मामा, गिळली नाहीये तिने. पण आता जन्मभर विसरायची नाही."

मामा भरल्या डोळ्यांनी पिंजऱ्यावर वाकले. "राणी, मी आहे गं." मैनेने डोळे उघडले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अशी किंचाळली, की फाटकावरचा पहारेकरी धावत आला. मामा मागे सरले, ती गप्प. मामा पुढे झाले, पुन्हा किंकाळी.

"काका, पुन्हा जा ना पुढे!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. बघता बघता अळ्यांपुढची सगळी रांग इकडे आली.

"खोली मैनेची!" साहेब खूश होऊन म्हणाले. "पण तुम्हाला बघून ती बोंब ठोकते, तेव्हा उद्यापासून तिला बाई सांभाळतील. तुम्ही अळ्या बघा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मैना उन्हात बसून बाईंच्या हातचं खाऊ लागली आणि मामा थंडीचं तेच जाकीट अंगात घालून तण उपटत हिंडू लागले. जाता-येता खिडकीशी थांबले की किंकाळी ठरलेली. बाईंनीच शिकवलं असणार तिला, असं म्हणत मामा जळफळत अळ्यांकडे परत यायचे. "आलो बरं का," ते पेटीत पाला टाकत म्हणायचे. अळ्या खात राहायच्या. लवकर आले काय, उशिरा आले काय, त्यांना त्याचं काही नव्हतं.

एक दिवस तण उपटताना मामा चिखलात सपशेल आडवे झाले. जाकीट लडबडलं. त्यांनी ते वाळत टाकलं, नुसत्या सदऱ्यावर पाल्याची टोपली उचलली आणि मान खाली घालून खिडकीवरून जाऊ लागले.

"उशीर केलात!"

टोपली हातातून सुटली. मैना मान तिरकी करून त्यांच्याकडेच बघत होती. शेजारी बाई ओशाळून उभ्या होत्या.

"जाकीट, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "ती जाकिटाला घाबरत होती. तुम्हाला नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

बाईंनी पदराशी चाळा करावा तसा हातातल्या फडक्याशी चाळा केला. "इतक्या अळ्या वाढवल्या मी. एकीने तरी कधी म्हटलं का, बाई, उशीर केलात? रोज सकाळी तुमच्या पिंजऱ्यावरून जाताना जळायचे मी, मामा. घरी माझीही कोणी वाट बघत नाही. वाटलं, थोडे दिवस मलाही कोणी म्हणेल."

"मग? म्हणाली?"

"एकदाही नाही मेली. खाते आणि पाठ फिरवते."

मामांना हे ऐकून आधी आनंद झाला, चांगला गुदगुल्या होण्याइतका. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी सांडलेला पाला गोळा केला आणि अळ्यांकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला आल्या. खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं, तोच ठसक्यात आवाज आला, "उशीर केलात!"

बाईंचा चेहरा फुलला. "अगंबाई! बोलली!" म्हणत त्या पिंजऱ्याकडे धावल्या.

मैना पिसांत चोच खुपसून गाढ झोपली होती. पिंजऱ्याच्या मागे जुन्या सदऱ्यात मामा उभे होते आणि छताकडे बघत होते.