साडेपस्तीस वर्षांचा शनी

गेल्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, गंगाखेडला आमच्या बैठकीत अठरा लाख रुपये हा आकडा उच्चारला गेला. हजर माणसं नऊ: मुलाकडची सहा, आम्ही नवराबायको आणि शेजारचे मन्मथअप्पा. मुलगी पोहे घेऊन दाराआड होती, तिला मोजलेलं नाही.

आकडा मुलाच्या मामांनी उच्चारला. "वर्षाला अठरा लाखाचं पॅकेज हाय पोराला."

"संदर्भ?" अप्पा म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे हे कुठं छापून आलंय? तुमी पडले मामा. तुमी स्वतंत्र स्रोत न्हाई."

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की अप्पांना बोलवायची अक्कल मला कुणी दिली याचाही संदर्भ तिला हवा होता. शेवटी मुलानंच खिशातून मोबाइल काढला, पगाराची पावती अप्पांच्या पुढं धरली आणि म्हणाला, "साडेअकरा आहे काका. मामांनी पुढचं धरलं." दाराआड मुलगी हसली. लग्न ठरलं ते त्या हसण्यावर.

अप्पांचं बाजारात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे. वय सदुसष्ट. मुलगा पुण्याला, काकूंना जाऊन चार वर्षं झाली. दुकानात गल्ल्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर आहे. कुणालाही लिहिता येतो असा जो मराठी ज्ञानकोश इंटरनेटवर आहे, त्यात अप्पा या कॉम्प्युटरवरून शनी लिहितात. म्हणजे शनी ग्रहाचा लेख. 'खिळेवाला' या नावानं.

बाजाराला एवढंच कळलं, की अप्पा शनीचं काहीतरी करतात. त्यामुळं शनिवारी लोक साडेसाती घेऊन येतात.

"अप्पा, तेल किती घालावं?"

"बिलकूल घालू नका. तिकडं उणे एकशेचाळीस अंश हाय. गोठून जाईल, खामखा नासाडी."

"मग उपाय?"

"दोन इंची खिळे न्या. ताजा माल आलाय."

'संदर्भ' ही सवय त्या ज्ञानकोशाची. तिथला नियम असा, की स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं चालत नाही. छापील आधार लागतो. अप्पांनी तो नियम घरी आणला. "पालमची गाडी आत्ता येतीय," असं कंडक्टर म्हणाला, तरी अप्पा विचारणार, "संदर्भ?" मी मोजणी ऑफिसात नोकरी करतो, आकड्यांशी माझं वैर नाही; पण आज उकडतंय एवढं म्हणण्यासाठी मला पेपर दाखवावा लागतो, हे जरा जास्त होतं.

शनीच्या लेखावर चौघं काम करत होती: खिळेवाला, कक्षा, आकाशवेडा आणि टिटवी. दोन वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. टिटवी बाई की बुवा, तरणी की म्हातारी, कुणाला ठाऊक नाही. अप्पांनी काहीही लिहिलं, की तासाभरात टिटवीची चोच बसायची. एकदा अप्पांनी लिहिलं, 'बिचारा शनी सूर्यापासून फार दूर आहे.' टिटवीनं 'बिचारा' खोडून खाली टीप लिहिली: 'खिळेवाले, हा ज्ञानकोश आहे, सांत्वनाचं पत्र नाही.' अप्पांनी ती टीप मला तीनदा वाचून दाखवली. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.

"लय बोलतीय मला," ते म्हणाले. "पण बराबर बोलतीय."

एप्रिलमध्ये टिटवी गप्प झाली. आधी आठवडा, मग दोन, मग महिना. अप्पांनी चर्चेच्या पानावर विचारलं; उत्तर नाही. खरं नाव, गाव, फोन विचारायचा तिथं रिवाज नाही. अप्पा गिऱ्हाइकाला बिजागरीऐवजी कडी द्यायला लागले.

मे महिन्याच्या एका दुपारी मी शनीचा लेख उघडला. तो मुखपृष्ठावर जायचा होता, निवड चार दिवसांवर होती. पाहतो तर, 'शनी सूर्याभोवती साडेपस्तीस वर्षांत एक फेरी पूर्ण करतो.' मी चरकलो. फेरी साडेएकोणतीस वर्षांची. कुणी बदललं? त्या ज्ञानकोशात प्रत्येक बदलाला नाव आणि वेळ असते. नाव होतं 'खिळेवाला'. कक्षानं दोन तासांत दुरुस्त केलं होतं. खिळेवाल्यानं पुन्हा साडेपस्तीस केलं होतं. त्यावर त्याला ठरावीक ताकीद आली होती: 'कृपया लेखात प्रयोग करू नका. सरावासाठी धूळपाटी वापरा.' नऊ हजारांवर बदल केलेल्या माणसाला!

मी दुकानात गेलो. "अप्पा, सहा वर्षं जास्त झालीत."

"ठाऊक हाय."

"मग?"

अप्पा खिळ्यांच्या डब्यात उगाच हात फिरवत राहिले. "मोजणीसाहेब, टिटवीला चूक सहन होत न्हाई. कुठं बी असली तरी येईल. आली तर हाय. न्हाई आली तर..." मग म्हणाले, "आमची ही होती तवर दिवसाला धा चुका काढायची माझ्या. आता दिवसभर बराबरच असतोय मी."

माझ्या मोबाइलवर तो ज्ञानकोश आहे. साडेपस्तीस दिसलं की माझा हात शिवशिवायचा. एकदा बोट टेकलंही होतं. बायकोनं मोबाइल काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या की. तुमचा शनी न्हाई तो."

अप्पांनी कक्षा आणि आकाशवेड्यालाही लिहिलं होतं, 'थोडे दिवस राहू द्या.' त्या दोघांनी संदर्भ मागितला नाही. निवड झाली नाही. चुकीच्या आकड्यासाठी लेख परत आला. अप्पा म्हणाले, "असू द्या. शनीला घाई नसती."

चूक घातल्यापासून नवव्या दिवशी सकाळी दहाला अप्पांनी मला हाक मारली. पडद्यावर साडेएकोणतीस होतं. खाली टीप: 'ही चूक शाळकरी पोरही करणार नाही. खिळेवाले, तुमची तब्येत बरी आहे ना? माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, पडदा बघायला बंदी होती. पट्टी काढून पहिलं हे बघितलं, पुन्हा बांधावीशी वाटली.'

अप्पांनी चष्मा पुसला. उत्तरात आधी बरंच लिहिलं, मग सगळं खोडलं आणि चार शब्द ठेवले: 'चूक मान्य. तब्येत उत्तम.'

मग उठून कोपऱ्यावरून पाव किलो पेढे आणले.

"कशाचे पेढे?" मी विचारलं.

"संदर्भ मागू नका," अप्पा म्हणाले.

हलवायाला एकशेवीस रुपये रोख दिले. पेढे अकरा भरले. दोन मी खाल्ले, एक अप्पांनी, सात दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना गेले. अकरावा कॉम्प्युटरसमोर बशीत ठेवला होता. तो कुणाच्या नावावर धरायचा, हे मी विचारलं नाही.